सात येईपर्यंत

माझी सुपारी फुटली तेव्हा लग्नाची तारीख सोडून बाकी सगळं ठरलं होतं. आमच्याकडे सुपारी फुटली की मुलगी दोन्ही घरांची होते, म्हणजे खरं तर कुठल्याच घरची राहत नाही. तिला नोकरीला पाठवत नाहीत, कारण आता ती त्यांची झाली; आणि पापड-कुरडयांना बसवतात, कारण अजून ती आपली आहे. साधारण दोन-तीन महिन्यांचा हा मामला असतो, तेवढ्यात लग्न उरकतं. माझा मामला दीड वर्ष चालला. मंठ्याच्या पाटलांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, भर बैठकीत सांगून टाकलं होतं की तारीख काढायची ती प्रणिताला इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी सात आल्यावर. सात आले की मला कॅनडातल्या कॉलेजात प्रवेश, आणि मी तिकडे शिकायला निघाले की नवरा म्हणून गणेशला माझ्यासोबत यायची परवानगी. गणेशने स्वतः ती परीक्षा दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा पाचावर अडकला होता. शेती करणाऱ्या मुलाला हल्ली कुणी मुलगी देत नाही, म्हणून त्याला परदेशी पाठवायचं, आणि परदेशी जायला इंग्रजी येणारी मुलगी हवी, म्हणून मी. बैठकीतल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हे कबूल करते. मी आतल्या खोलीत ताटावरचा रुमाल सारखा करत होते आणि मनात म्हणत होते, बी.एस्सी.ला मला नव्वद टक्के होते, सात म्हणजे काय मोठं.

आमचं घर परतूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत. पुढे जाळीचा व्हरांडा, मग ओळीने तीन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर आणि मागे मोरीपाशी आईचा कढीपत्ता. कापसाचे दिवस आले की जिनिंग गिरणीची घरघर सकाळी सुरू व्हायची आणि कढीपत्त्यावर पांढरा भुरका बसायचा. फोडणीत घालायच्या आधी आई प्रत्येक काडी दोनदा धुवायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसीलमध्ये अव्वल कारकून होते. त्यांच्या दृष्टीने जगातली कुठलीही अडचण रजिस्टर घातलं की निम्मी सुटायची. सुपारी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी लाल कापडी पाठीचं जाडजूड रजिस्टर आणलं आणि पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग, शेरा. रोज वीस शब्द. संध्याकाळी ते कचेरीतून आले की हातपाय धुऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे, मला समोर उभं करायचे आणि एकेक शब्द विचारायचे. सगळे आले तर शेऱ्यात ‘पाहिले’ आणि खाली सही. एखादा चुकला तर ‘खुलासा करावा’. मी खुलासा करायची. त्यांच्या हाताखालच्या कारकुनांची मला फार दया यायची.

आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण माझ्यासोबत तीही शिकली, आणि तिने ती विद्या माझ्यापेक्षा बरी वापरली. मी आंबाडी निवडत निवडत मोठ्याने घोकायची, ती भाकरी थापत ऐकायची. एका दुपारी चकोल्यांचा पहिला घास घेऊन ती शांतपणे म्हणाली, “आज प्लेथोरा मीठ पडलंय बघ.” प्लेथोरा, म्हणजे रेलचेल, हा आदल्याच दिवशीचा शब्द; मी पोट धरून हसले. त्या दीड वर्षात मी मनापासून हसल्याचे प्रसंग मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि त्यातले बहुतेक आईमुळे आहेत. बाकी घर म्हणजे कोंडवाडा झाला होता. मैत्रिणीकडे जायचं म्हटलं तर, “तिकडच्यांना काय वाटंल?” शाळेत शिकवायला बोलावलं होतं, तर, “आता कशाला? सात येऊ दे.” डोक्याला तेल लावायचं, झोपायचं, दुखायचं, सगळं सात येईपर्यंत लांबणीवर. मला ताप आला तेव्हा अण्णांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो परीक्षेपर्यंत उतरेल ना हा. अण्णा वाईट नव्हते. मुलगी मोठ्या देशात जाईल या कल्पनेने त्यांचा चेहरा उजळायचा आणि तो उजळलेला चेहरा बघितला की मी पुढचे वीस शब्द घ्यायची.

आठवड्यातून दोनदा जालन्याला क्लास असायचा, तेवढीच माझी बाहेरची हवा. अण्णा मला गाडीत बसवून द्यायचे आणि मी पोचल्याचा फोन येईपर्यंत कचेरीत कुणाशी धड बोलायचे नाहीत म्हणे. क्लास एका लोखंडी सळयांच्या दुकानाच्या माडीवर होता. भिंतीवर पास झालेल्या मुलामुलींचे विमानतळावरचे फोटो, प्रत्येकाच्या हातात मोठी बॅग. सर घनसावंगीकडचे, अंगाने बारीक, आवाजाने मोठे. त्यांचा सिद्धांत असा की साधा शब्द वापरला की मार्क गेले. “हॅपी म्हणायचंच न्हाई. एक्स्टॅटिक म्हणा. प्रॉब्लेम आला? प्रॉब्लेम नको, प्रेडिकमेंट म्हणा. बिलकुल साधं बोलू नका, साधं तर कुणीबी बोलतं.” मग आम्ही पंचवीस जण एका सुरात प्रेडिकमेंट म्हणायचो आणि खाली सळया उतरवल्याचा आवाज यायचा. तोंडी परीक्षेत येऊ शकतील अशा विषयांची उत्तरंही सरांकडे तयार होती. माझा आवडता प्रवास, माझा बालमित्र, मी पाहिलेलं एक सुंदर तळं. पंचवीसही जणांचा बालमित्र एकच होता, त्याचं नाव राहुल, आणि तो फार रेझिलियंट होता.

खरी परीक्षा मात्र रविवारी असायची. दर रविवारी पाटील मंठ्याहून मोटारसायकलवर यायचे. त्यांना मी मामा म्हणायची, होणाऱ्या सासऱ्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. उंचेपुरे, पांढरे कपडे, हातात कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी ओला हरभरा. माझ्यासाठी सणावाराला साडी आणायचे, मायेनेच आणायचे. चहा झाला की ते अण्णांचं रजिस्टर मांडीवर घ्यायचे. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. म्हणून ते नंबर विचारायचे.

“बेचाळीस?”

“रिलक्टंट. नाखूश, मनाविरुद्ध तयार झालेला.”

“एकशे सतरा?”

“इनएव्हिटेबल. अटळ.”

“वा. आता उलट्या बाजूनं. तीनशे सहा?”

पोरीने चटकन उत्तर दिलं की त्यांना वाटायचं शब्द आला. बरोबर की चूक ते त्यांना कळणं शक्य नव्हतं, वेग तेवढा कळायचा. सहा महिन्यांत मी सातशे शब्द नंबराने पाठ केले. शेजारच्या काकू जाळीतून बघायच्या, मामा त्यांनाही म्हणायचे, “तुमीबी इचारा एखादा नंबर.” काकू लाजत लाजत आपल्या घराचा नंबर विचारायच्या. मला तेव्हा इतकं अपमानास्पद वाटायचं की पायाखालची फरशी मोजत बसावंसं वाटे, आणि तरी चूक होऊ नये म्हणून जीव तोडून उत्तर द्यायची. आज घराला कुलूप लावलं की नाही ते मला आठवत नाही, पण एसटीत बेचाळीस नंबरची जागा मिळाली की ओठ आपोआप रिलक्टंट म्हणतात. शेजारची बाई सरकून बसते.

पहिल्या परीक्षेत त्या नंबरांनीच घात केला. छत्रपती संभाजीनगरला एका मोठ्या हॉटेलात परीक्षा होती. समोरच्या माणसाने साधंच विचारलं, तुमच्या गावाबद्दल सांगा. मला परतूरबद्दल सांगायला काय कमी होतं? पण प्रत्येक वाक्यात एक भारी शब्द बसवायचा म्हणजे आधी त्याचा नंबर आठवायचा, नंबरावरून शब्द, मग शब्दाभोवती वाक्य. तोवर त्याचा पुढचा प्रश्न आलेला असायचा. बोलण्यात साडेपाच मिळाले. दुसऱ्या वेळी सहा. अण्णांनी शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही, नुसती सही केली. मामा म्हणाले, “काय हरकत न्हाई. कापसालाबी दोन वेचण्या लागतात.” आणि तिसऱ्यांदा अर्ज भरला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या परीक्षेत नापास होण्याची सोयच नाही. मनात मी एकदा ठरवूनही पाहिलं होतं की मुद्दाम चुकायचं. पण चुकलं तर सुपारी मोडणार नव्हती, पुढचा अर्ज भरला जाणार होता आणि त्याच्याही पुढचा. चांगलं केलं तर कॅनडा, वाईट केलं तर व्हरांडा.

गणेशबद्दल मी अजून फारसं सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं मला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. अण्णा फोन माझ्या हाती द्यायचे आणि तिथेच वर्तमानपत्र उघडून उभे राहायचे. तो विचारायचा, जेवलीस का, मी म्हणायची, हो. मी विचारायची, पाऊसपाणी कसं, तो म्हणायचा, बरं. एकदा तो मधेच म्हणाला, “खरं सांग, तुला जायचंय का?” वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं नाही. मी म्हणाले, “हो, जायचंय की.” तो म्हणाला, “बरं मंग.” दीड वर्षात मला कुणी एवढाच एक खरा प्रश्न विचारला होता आणि मी त्याला राहुल बालमित्रासारखं तयार उत्तर दिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

तिसऱ्या वेळी समोर एक बाई होत्या. पिकलेले आखूड केस, एसी फार म्हणून खांद्यावर शाल, टेबलावर घड्याळ. नाव-गाव झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक कार्ड सरकवलं. त्यावर लिहिलं होतं, तुम्ही स्वतः घेतलेल्या एका महत्त्वाच्या निर्णयाबद्दल सांगा. तो कधी घेतला, का घेतला, पुढे काय झालं. विचार करायला एक मिनिट. सरांचं उत्तर होतं माझ्याकडे, पोहायला शिकण्याचा निर्णय, त्यात ट्रेपिडेशन आणि परसिव्हिअरन्स दोन्ही बसवलेले. मी पेन्सिल घेतली आणि कागदावर ‘पोहणे’ लिहिलं. मग वाटलं, बघू तरी, आपला खराच एखादा आहे का. दहावीनंतर विज्ञान, तो फॉर्म अण्णांनी भरला. केस कापायचे नाहीत, ते आईने ठरवलं. गणेश, तो मामांनी आणि अण्णांनी ठरवला. परीक्षेची तारीखसुद्धा मामांनी तिथी बघून काढली होती. मिनिट संपलं. कागदावर ‘पोहणे’ एवढंच होतं, आणि मला पोहता येत नव्हतं.

मी बोलायला लागले ते हे, की मॅडम, माझ्याकडे असा निर्णय नाही. मग थांबता येईना. मी त्यांना रजिस्टर सांगितलं, नंबर सांगितले, आईचं मीठ सांगितलं. लहान लहान शब्द होते सगळे, पाचवी-सहावीच्या पुस्तकातले, पण नंबर आठवावा लागत नव्हता म्हणून एकामागून एक येत गेले. बाई टिपणं घेत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. दोन मिनिटांनी त्यांनी थांबवलं आणि विचारलं, एखादा निर्णय घेता आला, तर कोणता घ्याल? मी म्हणाले, मी हे लग्न करणार नाही. हे वाक्य मी तोवर मनातसुद्धा पुरं म्हटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, थँक यू, परीक्षा इथे संपली.

निकाल आला तेव्हा बोलण्यात साडेसात होते, आणि बाकी सगळ्यांत सात. मी दीड वर्ष ज्या दारावर डोकं आपटत होते, ते दार मला आत जायचं नाही असं सांगितल्यावर उघडलं होतं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच सकाळी चौकात जाऊन निकाल छापून आणला आणि लॅमिनेट करून घेतला. दुपारी मामा पेढे घेऊन हजर, सोबत गणेश, आणि तिथी काढायला गुरुजी. मला साडी नेसवून व्हरांड्यात बसवलं. काकू होत्या, गल्लीतले आणखी चार जण होते.

मामा भलतेच खुशीत होते. म्हणाले, “पोरी, त्या बाईनं काय इचारलं ते सांग की सगळ्याला. साडेसात म्हणजे खेळ न्हाई.”

मी म्हणाले, “त्यांनी इचारलं, तू स्वतः ठरवलेली एखादी गोष्ट सांग.”

“मंग?”

“मी सांगितलं, तशी एकबी न्हाई. मंग त्यांनी इचारलं, ठरवता आलं तर काय ठरवशील. मी सांगितलं, मी हे लग्न करणार न्हाई.”

मामा मांडीवर थाप मारून मोठ्याने हसले. “बघा अण्णासाहेब, काय डोकं हाय. परीक्षेत असंच सांगावं लागतं. समोरच्याचं काळीज हाललं पायजे. कितव्या नंबरचं उत्तर होतं गं हे?”

सगळे हसले. काकूही हसल्या. अण्णांनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलले नाही तर माझं खरं बोलणंही या घरात पाठांतर म्हणून खपणार, जन्मभर.

“मामा, ते पाठ केलेलं नव्हतं. मला तिकडं जायचं न्हाई. आन् हे लग्नबी करायचं न्हाई. आता मराठीत सांगून राह्यले.”

मामांचं हसू जागच्या जागी राहिलं. रागावले नाहीत लगेच, आधी त्यांना ते समजेना. ते अण्णांकडे वळले, अण्णा गुरुजींकडे बघत होते आणि गुरुजी पंचांगात. उठला तो गणेश. “तात्या, चला,” एवढंच तो वडिलांना म्हणाला. जाता जाता जाळीपाशी थांबून मला म्हणाला, “त्या दिवशी फोनवर सांगितलं असतंस तर मीच मोडलं असतं. मला कुठं हौस होती विमानाची.”

“अण्णा तिथंच उभे असायचे,” मी म्हणाले.

“माझ्याकडंबी तात्या उभेच असायचे,” तो म्हणाला आणि मोटारसायकल सुरू करायला गेला.

सुटले, असं वाटलं असेल वाचणाऱ्याला. मलाही आठवडाभर वाटलं. पण त्या निकालाच्या कागदावर मुदत छापलेली होती, दोन वर्षांची. अण्णा कचेरीतले, मुदत असलेला कागद म्हणजे त्यांच्या लेखी जिवंत प्रकरण. आणि बातमी तर जिल्हाभर झाली, की परतूरला एक मुलगी आहे, साडेसातवाली, सुपारी मोडलेली. अंबडहून लोक आले, जालन्याहून आले, एक मुलगा तर थेट विमानाचे दर बघून आला होता. बघायला मला यायचे, पण आधी कागद मागायचे. तो हातोहात फिरायचा, मग पोहे. मी प्रत्येक वेळी नाही म्हणायची आणि अण्णा प्रत्येक वेळी म्हणायचे, “अजून चौदा महिने हायेत.” मग म्हणायचे, “अजून आठ.” एरवी ते माझ्याशी बोलत नव्हते. जेवायला बसले की ताटाकडे बघून जेवायचे. शाळेतली ती जागा केव्हाच भरली होती आणि दुसरीकडे जाऊ द्यायचा प्रश्नच नव्हता. आई एकदा भांडी घासता घासता म्हणाली, “तू नुसती न्हाई न्हाई करून राह्यली. न्हाईच्या पुढं काय ते बी इचार करून ठेव बाई.” मला तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. नकार द्यायला शिकायलाच माझी सगळी ताकद गेली होती.

मुदत संपली तो दिवस मला कुणी सांगायची गरज नव्हती, अण्णांनाही नव्हती. सकाळी मी भाकऱ्या करत होते. अण्णा कचेरीचे कपडे घालून स्वयंपाकघरात आले. ते कधी आत येत नसत, मला बाहेर बोलवत. आज त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट स्वतः ओढून घेतला आणि चुलीपासून हातभर अंतरावर बसले. कागद त्यांच्या हातात होता. तो त्यांनी उलटा करून बाजूला ठेवला. जरा थकलेले दिसले. एवढे ते कधी थकले, ते मी पाहिलंच नव्हतं.

“आता हे संपलं,” ते म्हणाले. “आता तू काय ठरवलंस?”

आवाजात राग नव्हता, उपरोधही नव्हता. ते खरंच विचारत होते, आणि उत्तर त्यांना आधी ठाऊक नव्हतं. माझे हात पिठात तसेच राहिले. दोन वर्षं, आणि त्याआधीचं दीड वर्ष, हाच प्रश्न कुणी विचारावा म्हणून मी आतल्या आत तडफडत होते, आणि आता विचारला तर माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. भीती वाटली, की काहीच ठरलं नाही म्हटलं तर ते उठतील आणि पुन्हा स्वतःच ठरवायला लागतील.

“अजून काही ठरलं न्हाई, अण्णा,” मी म्हणाले.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. आईने ती उलटली. अण्णा पाटावरून उठले, विजार झटकली आणि दारात थांबून म्हणाले, “बरं. ठरलं की सांग.”

मला ठरवायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नाही.